पैसा कुठल्या वारी येतो?

वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: गावात राहून, नोकरी न करता, बरा पैसा मिळेल का? मिळतो. मी आठवडी बाजारात कटलरीचं पाल लावून दोन मुलांची शिक्षणं केली, म्हणूनच संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात मारलं. बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांसारखी उत्तरं इथे मिळणार नाहीत, हे आधीच सांगते.

मावशी, नमस्कार. मी आयटीआय केलंय. करमाळा तालुक्यात फाट्यावर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कामाला तोटा नाही, उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत शटर उघडं असतं. पण उधारी पावणेदोन लाखांवर गेली आणि तारवाला आता माल देत नाही. पाच एचपीच्या मोटारीचं बिल साधारण सहा हजार होतं. वडील म्हणतात, दुकान बंद कर आणि पुण्याला जा. काय करू?

दुकान बंद करू नकोस. पण तुझ्या पत्रात एक आकडा नाही, तो आधी काढ: सहा हजारांत तुझी मजुरी किती? आमच्याकडच्या रिवाइंडिंगवाल्याला मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, निम्म्याहून जास्त बिल तांबं, वार्निश, इन्सुलेशन पेपर आणि बेअरिंगमध्येच जातं. म्हणजे गिऱ्हाईक जेव्हा ‘लिहून ठेव’ म्हणतं, तेव्हा तू मजुरीसाठी तर थांबतोसच, वर तीन-साडेतीन हजार रोख त्याला बिनव्याजी देतोस. तुझ्या पावणेदोन लाखांतला लाखभर तुझा नाहीच, तारवाल्याचा आहे. तो माल देत नाही यात त्याचं काय चुकलं?

बिलाचे दोन तुकडे कर. माल वेगळा, मजुरी वेगळी. मोटार उघडलीस की जळकं तांबं गिऱ्हाइकासमोर काट्यावर टाक, त्या दिवशीच्या भंगारभावानं वजा कर, आणि मालाचे उरलेले पैसे हातात आल्याशिवाय नवी तार भरायला घेऊ नकोस. पीक वाळत असतं तेव्हा माणूस शेजाऱ्याकडून मागून पैसे आणतो. मोटार विहिरीत उतरली, पाणी सुरू झालं, की त्याची घाई संपते आणि तुझी सुरू होते. पहिले पंधरा दिवस लोक नाक मुरडतील, एक-दोघं दुसऱ्या फाट्यावर जातील. जाऊ देत. जे जातील ते कोण आहेत ते वहीत बघ.

मजुरी मात्र उधार ठेवावीच लागेल, त्याशिवाय गावात दुकान चालत नाही. पण उधारीच्या वहीत तारखेपुढे एक रकाना वाढव: ‘पैसे कशातून येणार’. गावात पैसा असतो, तो रोज नसतो, आणि प्रत्येक घरात त्याचा वार वेगळा असतो. ज्याच्या दावणीला चार गाई आहेत त्याला डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी मिळतो. त्याच्याकडे दोन हजारांची मजुरी एकदम मागू नकोस, पगाराच्या दिवशी पाचशे-पाचशे घे, तो कुरकुरणार नाही. नुसता ऊसवाला असेल तर गोष्ट वेगळी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्यानं ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची असते, पण बिलं कशी लांबतात हे तुला मी काय सांगू? ऊसवाल्याची उधारी म्हणजे पुढच्या हंगामाची उधारी, तेवढी सोसण्याची ताकद असेल तरच दे. केळीवाल्याकडे, बागेत गाडी भरायला लागली त्या आठवड्यात जा. तुमच्या कंदर भागात केळी भरपूर आहे, गाडी कधी लागते ते सगळ्यांना माहीत असतं. शिक्षक, पेन्शनवाले यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. वसुलीला भलत्या दिवशी गेलास की भांडण होतं, आणि गावात भांडण झालं की पैसेही जातात आणि गिऱ्हाईकही.

जुन्या उधारीचं: प्रत्येकाकडून वहीत रकमेखाली तारखेसह सही घे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार अशा येण्यासाठी दावा करायची मुदत तीन वर्षांची आहे. मुदत संपायच्या आत माणसानं देणं लेखी कबूल करून सही केली तर ती मुदत तिथून नव्यानं मोजतात. तू कोर्टात जाणार नाहीस, मलाही माहीत आहे. पण सही केलेला माणूस ‘एवढे कुठे होते?’ असं म्हणत नाही.

पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण ते असणारच. मोटार जळते ती बहुधा एक फेज गेल्यामुळे नाहीतर कमी दाबामुळे, हे माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. मग ऑगस्ट-सप्टेंबरात, रब्बीची पाणीपाळी सुरू व्हायच्या आधी, स्टार्टर आणि पॅनेल तपासायचं काम घरोघर जाऊन घे. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून दे, रिले नीट लाव, बेअरिंग आवाज करतंय का ते बघ. आपणच लोकांच्या मोटारी वाचवल्या तर आपलं काम कमी होईल, अशी भीती वाटेल. एका तालुक्यात तेवढं काम संपत नाही.

सौर पंपाकडे मात्र डोळे उघडे ठेव. २०२४ पासून राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. सर्वसाधारण शेतकऱ्यानं दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के भरायचे, तीन ते साडेसात एचपीचा पंप मिळतो, आणि पाच वर्षांची देखभाल कंपनीकडे. त्या पाच वर्षांत तो माणूस तुझ्याकडे येणार नाही. सहाव्या वर्षी येईल, तेव्हा तुला कंट्रोलर उघडता आला पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यात बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, लोक ‘आरसेटी’ म्हणतात. राहणं, जेवण, शिकणं फुकट. या वर्षी कोणते वर्ग आहेत ते जाऊन विचार.

भांडवल लागलंच तर मुद्रा कर्जातला ‘किशोर’ गट बघ, ५० हजारांच्या वर पाच लाखांपर्यंत, तारण लागत नाही. पण बँक खात्यावरची उलाढाल बघते. म्हणून आजपासून मजुरीचा प्रत्येक रुपया क्यूआर कोडवरून खात्यात घे. आणि वडिलांना पुण्याचं उत्तर देण्याआधी माल-मजुरी वेगळी केलेली एका महिन्याची वही दाखव.

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात राहते. घरीच ब्लाउज शिवते. साधा शंभर, अस्तरचा अडीचशे. दिवसाला तीन-चार होतात, पण हातात काही उरत नाही. भाव वाढवला तर बायका दुसरीकडे जातील का? आणि विश्वकर्मा योजनेचे १५ हजार खरंच मिळतात का?

भाव वाढवण्याआधी एक सांगा, या तीन-चारांत पैसे देणारे किती? जाऊबाईंचा, नणंदेचा, शेजारच्या काकूंचा, ‘तुझ्याकडे मशीन आहेच ना’ वाला? मी मोजून सांगू शकत नाही, पण एक तरी असणार. त्याला नाही म्हणता येत नाही हे मला कळतं. मग निदान दोरा-हूक आणि अस्तर त्यांनी आणावं, आणि त्यांचं काम पैशांच्या कामानंतर.

साध्या ब्लाउजचा भाव तसाच ठेवा. बायका भाव विचारतात तो त्याचाच, त्यावरूनच तुम्ही स्वस्त की महाग ते गावात ठरतं. कमाई काढायची ती अस्तरच्या ब्लाउजवर, अस्तराचं कापड स्वतः तागा आणून विकण्यावर, आणि पिको-फॉलवर. फॉल-पिकोत डोकं लागत नाही, वेळ कमी जातो, आणि साडी तर प्रत्येकीकडे असते. तुमच्याकडे पिकोची मशीन आहे की नाही ते लिहिलं नाहीत. नसेल तर पुढचा खर्च तोच करा, कपाट नको.

आणि कपडे कधी देता? कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या बायकांना मजुरी आठवड्याची एकदम मिळते, बहुतेक ठिकाणी बाजाराच्या दिवशी. ब्लाउज तयार असेल तर त्या दिवशी सकाळी घरी पोचवा. दुसऱ्या दिवशी तेल-मीठ-किराण्यात पैसे गेलेले असतात आणि ‘पुढच्या बाजारी देते’ सुरू होतं.

विश्वकर्मा योजना खरी आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकाम आहे. नोंदणी सेवा केंद्रावर होते, पुढची पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्याचे रोज ५०० रुपये भत्ता. ते १५ हजार अवजारांसाठी असतात, रोख हातात पडत नाहीत, त्यामुळे त्यातून पोराची फी भरायचा विचार असेल तर सोडा. नंतर हवं तर पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख. घरातल्या एकालाच मिळतं. सासरे गवंडीकामासाठी आधीच नाव घालून आले असतील तर घरात विचारून घ्या. कुटुंबाची व्याख्या नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं अशी आहे, म्हणजे सासरे त्यात येत नाहीत, पण अर्जात गोंधळ होतो. ‘फाइल पुढे सरकवायला’ कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मावशी, मी चाकणला कंपनीत आहे. हातात २२ हजार येतात, खोलीभाडं सहा हजार जातं. श्रीगोंदा तालुक्यात गावी परत यावं म्हणतो. जुना छोटा हत्ती घेऊन प्लास्टिक आणि स्टीलची भांडी आठवडी बाजारांत विकायची. अडीच लाख कर्ज, साडेआठ हजार हप्ता बसेल. जमेल का?

हा माझ्या हातचा धंदा, म्हणून जरा लांबण लावते.

आधी बरोबरीचा आकडा. गावी भाडं नाही, म्हणजे तुमचे २२ हजार तिथले १६ हजार. पण कंपनी तुमच्या नावावर पीएफ भरते, तापानं झोपलात तर रजा मिळते, ते धरून २० हजार म्हणू. एवढे सुटले तर आजच्या इतके झाले, त्याच्या वर गेलात तर परत येण्यात फायदा.

आता उलटा हिशेब. २० हजार घरात, साडेआठ हप्ता, सहा हजार डिझेल आणि बाजाराची पावती धरा. साडेचौतीस हजार. प्लास्टिक-स्टीलमध्ये शंभराच्या विक्रीला वीस-पंचवीस सुटतात, त्यातून तडा गेलेले टब आणि पोचे आलेली पातेली वजा. बावीस धरले तरी महिन्याला दीड लाखाच्या वर विक्री हवी. आठवड्याला पाच बाजार केलेत, एक दिवस खरेदीला, एक दिवस अंग टाकायला, तर दर बाजारी सात-साडेसात हजारांचा गल्ला. जुन्या, ठरलेल्या जागेवर बसणाऱ्या भांडीवाल्याला हे जमतं. नव्या माणसाला शेवटच्या ओळीत, गटाराच्या कडेला जागा मिळते. तिथे सुरुवातीला दोन हजार झाले तरी घरी जाऊन देवाला नारळ फोडा.

जागेला कागद नसतो. ग्रामपंचायत बाजारवसुलीचा लिलाव करते, ठेकेदाराचा माणूस येऊन पावती फाडतो, बस्स. पण कोण कुठे बसतं हे पिढ्यांचं ठरलेलं असतं आणि ते मोडायला गेलात तर पावतीवाला तुमच्या मदतीला येत नाही. जागा मिळते ती न चुकता येण्यानं. पावसात, चिखलात, अर्धा बाजार भरला नाही त्या दिवशीही तुमचं पाल दिसलं पाहिजे. बायका भांडं घेताना आधी माणूस ओळखीचा आहे का बघतात, कारण झाकण बसलं नाही तर पुढच्या बाजारी बदलून घ्यायचं असतं. म्हणून दहा बाजार हिंडू नका, पाच धरा आणि वर्षभर तेच करा. त्यातला एखादा जनावरांचा मोठा बाजार असू द्या. तुमच्याच तालुक्यात काष्टीचा आहे, तिथे बैल-म्हैस विकलेला माणूस रोख पैसे घेऊन उभा असतो आणि घरी काहीतरी घेऊन जायचं त्याच्या मनात असतं.

वर्षाचा अंदाज असा. जून-जुलैत पैसा बियाण्या-खतात जातो, बाजार मरगळतो. श्रावणापासून जीव येतो, गौरी-गणपती, दसरा, दिवाळी हा तुमचा भर. दिवाळीनंतर थोडी विश्रांती, आणि मग संक्रांत. हळदीकुंकवाच्या वाणासाठी बायका एकच वस्तू डझनांनी घेतात: छोटे डबे, चाळण्या, वाट्या, गाळणी. दहा ते तीस रुपयांतली वस्तू हवी आणि एका रंगाची शंभर नग हवी. डिसेंबरातच माल भरून ठेवा, जानेवारीत घाऊकवाला तुम्हाला उरलेले रंग देतो. मी पुण्याला रविवार पेठेत बोहरी आळीत जायची, तिथे भाव करायला सकाळी लवकर जावं, दुपारी कोणाला बोलायला वेळ नसतो. उन्हाळ्यात लग्नं, रुखवत, आहेराची भांडी.

आता तुमच्या बेतातली खरी अडचण दिसली असेल. हप्ता दर महिन्याच्या एकाच तारखेला, आणि पैसा वर्षातून तीनदा उसळतो. जूनमध्ये गाडी घेतलीत तर जुलैचा हप्ता भरायला मालाचे पैसे मोडाल, ऑगस्टला पाल अर्धं रिकामं, आणि ऐन गणपतीत विकायला माल नाही. मी हे इतरांचं झालेलं पाहिलं आहे. गाडी पहिल्या वर्षी घेऊच नका. बाजार करणारे चौघं-पाचजण मिळून एक टेम्पो ठरवतात, मसालेवाला, चप्पलवाला, कटलरीवाली. भाडं वाटून जातं. त्यांच्यात शिरा, ते तुम्हाला जागाही दाखवतील. राजीनाम्याआधी दोन महिने सुट्टीच्या दिवशी जो बाजार सापडेल तो करून बघा, बायको पालावर बसायला तयार आहे का तेही कळेल. दोन माणसांशिवाय हा धंदा होत नाही, एकानं गिऱ्हाईक बघायचं आणि एकानं माल.

आणि पुढे गाडी घेतलीतच तर वाटेत हात दाखवणाऱ्यांना मागे बसवू नका. दहा-वीस रुपयांचा मोह होतो, पण मालवाहू गाडीत ते चालत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी खळखळ करते.

आमचा बचत गट कुडाळ तालुक्यात कोकम आगळ आणि आंबोशी करतो. लायसन, जीएसटी, उद्यम यातलं काय काय लागतं? एकानं उद्यमचे अडीच हजार सांगितले.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारवर होते, १ जुलै २०२० पासून. अडीच हजार मागणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

अन्नपदार्थ विकायचा तर घरात केला तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी हवीच. छोट्या उत्पादकाला पूर्ण लायसन नाही, साधी नोंदणी पुरते. तो नंबर लेबलवर, सोबत घटक, निव्वळ वजन किंवा माप, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, किंमत, गटाचा पत्ता आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. बाटलीवर नुसतं ‘घरगुती’ लिहून भागत नाही. जीएसटी मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांच्या वर लागतो, पण माल स्वतः गोव्याला नेऊन किंवा पाठवून विकणार असाल तर आधी कर सल्लागाराला विचारा, राज्याबाहेरच्या विक्रीला ही सूट नाही.

तुमचा पैसा चाकरमान्यांबरोबर येतो, मे महिन्यात आणि गणपतीत. आगळ उन्हाळ्यात होतं, मग मेमध्ये सगळं विकून मोकळ्या होऊ नका, गणपतीसाठी थोडं मागे ठेवा. आणि बाटल्या छोट्या करा. परतीच्या एसटीत एक लिटरची बाटली कोणी मांडीवर घेऊन बसत नाही.

मी नांदेड जिल्ह्यात केशकर्तनाचं दुकान चालवतो. वय ४४. कमाई बरी आहे. पण हात मोडला तर काय, हा विचार झोपू देत नाही. काही घरं अजून वर्षाला धान्य देतात.

धान्याची घरं सोडू नका, हात मोडला त्या वर्षी तेच घरात असेल.

श्रमयोगी मानधन आणि अटल पेन्शन या सरकारी पेन्शन योजना, दोन्हीत शिरायचं वय ४० पर्यंत, तुमचं गेलं. पोस्टात पीपीएफ काढा. वर्षाला किमान ५०० रुपये, मुदत १५ वर्षांची, म्हणजे साठीच्या सुमारास हातात. हप्त्याची तारीख ठरलेली नसते, दिवाळीत दुकान भरलं की टाका, मार्चच्या आत. तुमच्या कमाईला हे सोयीचं आहे.

दवाखान्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत सोय आहे, जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आजच विचारून ठेवा, अंगावर बेतल्यावर नाही. हातासाठी बँकेतून सुरक्षा विमा घ्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा दोन्ही हात, दोन्ही डोळे असं कायमचं अपंगत्व आलं तर दोन लाख, एक हात कायमचा गेला तर एक लाख. नुसतं हाड मोडून दोन महिने दुकान बंद राहिलं तर त्यातून काही मिळत नाही, त्यासाठी दोन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात साठवावा लागेल. जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख, त्यात पन्नाशीच्या आत शिरावं लागतं. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे आपोआप मेच्या शेवटच्या आठवड्यात कापले जातात. नेमके तेव्हाच बियाण्याला पैसे काढून खाती कोरडी झालेली असतात, हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. २० मेपर्यंत खात्यात ४५६ रुपये आहेत ना ते बघा.